खिंडीपलीकडची रास

पर्थ, स्कॉटलंड, १९ फेब्रुवारी २००६

एफे,

पुडकं हलवून बघितलंस ना? ठाऊकच होतं मला. जन्मभर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलंस, पण पुडकं हलवायची खोड काही गेली नाही. खाऊ नाही त्यात, दगड आहे. आर्डनाशच्या आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्याशी असायचा ना, पांढऱ्या रेघेचा चपटा दगड, तोच. घर विकलं तेव्हा मी तो पिशवीत घालून इकडे आणला होता.

आता कारण ऐक, आणि अर्ध्यातच ओरडायला लागू नकोस. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो काढला. म्हणाले, हाडावर हाड घासतंय, गुडघा बदलून घ्या. मी म्हटलं, नको. झालं ते झालं. मार्सलीच्या घरी मला काय कमी आहे? लेक दोन वेळा गरम जेवायला घालते, खिडकीतून बसगाड्या दिसतात.

पण एक खटकतं. स्कॉटलंडातले तीन हजार फुटांवरचे सगळे डोंगर, सगळे मन्रो, आपण दोघींनी पायाखाली घातले, आणि बेन लिआ तेवढा राहिला. शेवटचा दोघींनी मिळून करायचा, वर केक कापायचा, असं ठरलं होतं. आता माझ्याच्यानं ते होणार नाही. तेव्हा तू जा. तुझ्या वाढदिवसाला, ठरल्याप्रमाणे. हा दगड शिखरावरच्या दगडांच्या राशीवर ठेव, म्हणजे माझंही संपलं असं मी धरीन. ‘तुझ्या राशीवर दगड ठेवीन’ हे आपल्याकडे मेलेल्या माणसाला म्हणतात, माहीत आहे मला. माझा गुडघा मेलाच आहे, त्याच्या नावानं ठेव.

तुझी,
ऊना

आर्डनाश, २६ फेब्रुवारी

ऊने,

मी ओरडले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ओरडत होते. शेजारचा हेक्टर कुंपणापाशी येऊन विचारून गेला, मांजर मेलं का म्हणून.

म्हणे बसगाड्या दिसतात! अगं, कोणाशी बोलतेयस तू? शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस पोरांचं सूप ढवळून संध्याकाळी डोंगर चढणारी बाई तू, आणि आता बसगाड्या मोजत बसणार? दुकानवाल्या शीनाचा गुडघा बदलला मागच्या वर्षी. आता ती चर्चच्या नाचात अशी घुमते की बघणाऱ्याला भोवळ यावी.

माझी अट ऐक. तू ऑपरेशन करून घे, मी दगड घेऊन वर जाते. नाहीतर तुझा दगड माझ्या दाराला लावून ठेवते, वाऱ्यानं फार आपटतं ते.

एफी

पर्थ, ५ मार्च

एफे,

अटी घालू नकोस गं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, मार्सली सगळं ऐकत असते, म्हणून लिहिते. मला भीती वाटते. आमची पेगी आठवते ना? सख्खी बहीण माझी, आणि एवढंसं ऑपरेशन होतं. आत जाताना मला म्हणाली, बटाटे उकडायला लाव, येतेच मी. आली नाही. इस्पितळाचा तो वास नाकात आला की अजून मी दार शोधायला लागते. आता तरी समजलं ना? मग पुन्हा विचारू नकोस.

पण डोंगर राहू देऊ नकोस. अर्धवट राहिलेलं काम मला झोपू देत नाही. तू करून आलीस की मी शांतपणे खुर्चीत बसेन.

एकटी जाऊ नकोस, हेक्टरला घे. जन्मभर बर्फ काढायची गाडी चालवली त्यानं, बर्फाची भीती तरी नाही त्याला. आणि पश्चिमेकडून जाणारा प्रत्येक जण त्या पहिल्या राशीला फसतो हे विसरू नकोस. आपणही फसलो होतो. पोचलो पोचलो म्हणून नाचलो, आणि धुकं विरलं तर खिंडीपलीकडे खरं शिखर दात काढून हसत होतं. माझ्या बुटाचा तळ निघाला नसता तर त्याच दिवशी झालं असतं सगळं.

तुझी भित्री,
ऊना

आर्डनाश, १४ एप्रिल

लाडके ऊने,

झालं गं बाई. जाऊन आलो.

सकाळी आभाळ इतकं स्वच्छ होतं की हेक्टर म्हणाला, कोट घरीच ठेवू. मी म्हटलं, ठेव, परत येताना तुलाच खांद्यावर टाकून आणीन. शेवटची झाडं मागे पडेपर्यंत ऊन होतं. मग समुद्राकडून ढग आले, आणि वरचा बर्फ नि ढग एक होऊन गेले. अगं, आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते, कळेना. पाय टाकला की कधी जमीन वाटली त्यापेक्षा आधीच लागायची, कधी लागायचीच नाही. दुधाच्या पातेल्यात पडलेल्या माशीला कसं वाटत असेल ते मला समजलं.

हेक्टरला त्याच्या मुलानं ते नवं यंत्र दिलंय ना, आकाशातून वाट दाखवणारं. इतके दिवस सगळ्या गावाला दाखवत हिंडत होता. थंडीनं त्याची बॅटरी मान टाकून मोकळी झाली. तो ते काखेत धरून ऊब देत बसला. मी म्हटलं, अंडं आहे का ते? आण इकडे होकायंत्र.

मग आपली जुनी पद्धत. तो पुढे, मी मागे होकायंत्र घेऊन. तो बर्फाचा गोळा करून पुढे टाकायचा. गोळा पडलेला दिसला की पाऊल टाकायचं. मी ओरडायची, डावीकडे! तो उजवीकडे जायचा. टोपी कानावर, वर कान आधीच अर्धे बहिरे. एकदा त्यानं गोळा टाकला आणि तो कुठं दिसेचना. नुसता गिळला गेला. हेक्टर जागच्या जागी खांबासारखा उभा. समोर कडा होता ऊने, त्याच्यावर वाऱ्यानं बाहेर लोंबवलेला बर्फ, खाली काही नाही. आम्ही रांगत मागे सरकलो. हेक्टर मोठ्यानं प्रार्थना म्हणत होता, आणि मी होकायंत्र धरलेल्या हातानंच त्याचा पट्टा धरला होता.

त्या वेळी मला तुझी फार आठवण आली. तू असतीस तर म्हणाली असतीस, एफे, गोळा वाया गेला, दुसरा कर.

मग चढ संपला आणि रास दिसली. एकदम समोर, नाक आपटेल इतकी जवळ, बर्फानं माखलेली. आम्ही तिला टेकून बसलो. केक दगडासारखा झाला होता, तो हेक्टरनं बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीनं फोडला. व्हिस्की मात्र ठीक होती. मी तुझ्या नावानं एक घोट घेतला, मग माझ्या नावानं, मग पेगीच्या. मेणबत्ती काही पेटली नाही. मला रडू आलं, पण पापण्या गोठायला लागल्या म्हणून आवरलं.

तर संपलं. आता शांतपणे बस खुर्चीत, तुला बसायचंच असेल तर.

एफी

पर्थ, २० एप्रिल

हेक्टर,

हे पत्र एफीला दाखवू नकोस. तुझ्या चर्चची शपथ आहे तुला.

एफीनं मला चढाईचं सगळं लिहिलं. गोळे, कडा, तुझं अंडं, सगळं. पण चढ संपला आणि रास आली, एवढंच लिहिलंय. खिंडीत उतरल्याचं कुठं नाही. पुन्हा चढल्याचं नाही. मला खरं सांग, तुम्ही पहिल्याच राशीवर केक फोडलात का? मी पत्रात बजावलं होतं तिला, तरी ती विसरली? हेक्टर, तिचं डोकं ठिकाणावर आहे ना? घराची दारं, गॅस वगैरे नीट बंद करते ना?

तिला मात्र काही बोलू नकोस. या वयात जीव धोक्यात घालून गेली बिचारी, आणि परत आल्यावर ‘तू चुकीच्या राशीवर बसलीस’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

ऊना

पर्थ, २० एप्रिल

माझ्या एफे,

शाब्बास! शेवटी झालं! पत्र मी मार्सलीला दोनदा वाचून दाखवलं. दोघींचे सगळे मन्रो पूर्ण झाले. आता मला काही हुरहुर नाही. तू अगदी बरोबर जागी पोचलीस, मला खात्री आहे. गरम पाण्यात पाय बुडवून बस.

तुझी,
ऊना

आर्डनाश, २७ एप्रिल

ऊना,

पत्र मिळालं. तू जे विचारतेस त्याबद्दल मला बोलायला मनाई आहे. कोणी केली ते विचारू नकोस. मी चर्चमधला जबाबदार माणूस, खोटं बोलत नाही, म्हणून काहीच बोलत नाही. तुम्हा दोघींच्या मधे शाळेतही मला एकाच बाकावर बसवायचे. तेव्हापासून दोन्हीकडून चिमटे खातोय.

गॅस बंद असतो.

हेक्टर

आर्डनाश, २ मे

ऊने,

तुझं पत्र आलं. इतकं गोड पत्र तू आजवर लिहिलं नव्हतंस, माझ्या लग्नातसुद्धा नाही.

एक विचारू? सहजच विचारते. पहिल्या खेपेला बेन लिआवर तुझ्या बुटाचा तळ निघाला, तो नेमका कुठं गं? आणि आपण तो कशानं बांधला होता? परवापासून आठवतेय, आठवत नाही. तुझी आठवण पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगली.

जेवतेस ना नीट? झोप लागते ना? मार्सलीला म्हणावं, आईकडे लक्ष दे.

एफी

पर्थ, १० मे

एफे,

कुठल्या जुन्या गोष्टी काढतेस! कुठंतरी निघाला असेल, कशानंतरी बांधला असेल. मला नाही आठवत. आणि तूही डोक्याला ताण देऊ नकोस, झालेल्या डोंगराचा विचार कशाला करायचा?

इथं ट्यूलिप फुललेत.

ऊना

आर्डनाश, २४ जून

ऊने,

ट्यूलिपच्या पत्रानंतरच्या माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. फोन केला तर मार्सली म्हणते, आई झोपलीय. दुपारी बाराला? मग म्हणते, आंघोळीला गेलीय. तुझी लेक फार वाईट खोटं बोलते, अगदी तुझ्यावर गेलीय.

काय लपवताय माझ्यापासून? रागावलीस का? की बरं नाहीये? काहीही असलं तरी कळव गं. पोस्टाची गाडी वळणावर दिसली की मी दारात जाऊन उभी राहते. आयुष्यभर लोक माझी अशी वाट बघत उभे असायचे आणि मी त्यांना हसायची.

एफी

पर्थ, ९ ऑगस्ट

माझ्या एफे,

आधी खुर्चीत बस. बसलीस? मग वाच.

तू बेन लिआवर पोचली नाहीस. ती पहिली रास होती, खिंडीच्या अलीकडची. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. मी अभिनंदन केलं ते खोटं केलं. तुझं मन मोडवेना मला. पण तू बुटाचं विचारायला लागलीस. वाटलं, हिच्या मनात आता पाल चुकचुकतेय. एक ना एक दिवस हिला खिंड आठवणार, आणि ही खुळी पुन्हा वर जाणार, धुक्यात, त्या बहिऱ्या हेक्टरच्या भरवशावर. आणि मी इथं बसगाड्या मोजत असणार.

रात्रभर मी त्या कड्याचा विचार केला. सकाळी मार्सलीला म्हटलं, डॉक्टरांना फोन लाव. तिला वाटलं माझं काही दुखतंय.

जून महिन्यात गुडघा बदलला. सही अशी वाकडीतिकडी केली की नर्सनं विचारलं, हे नाव आहे की नकाशा? त्या वासानं पेगी आठवली. आत नेताना मी मार्सलीला म्हटलं, बटाटे मुळीच उकडू नकोस. तुला कळवलं नाही, कारण काही बरंवाईट झालं असतं तर तू जन्मभर स्वतःला दोष दिला असतास. नंतर पायाचा व्यायाम करताना इतकी ओरडायची की तुला लिहायचं बळच उरायचं नाही.

काल काठीशिवाय टेकडीवरच्या बागेपर्यंत गेले. वर पोचल्यावर दगड शोधायला लागले, रास रचायला. माळी बघत होता.

तेव्हा ऐक. तुझ्या पुढच्या वाढदिवसाला मी येते. तुला खऱ्या राशीपर्यंत मी नेईन. चुकलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, तिथं भलेभले चुकलेत. माझा दगड तेवढा पहिल्या राशीवरून उचलून पुढे न्यावा लागेल. बर्फाखाली सापडेल ना?

तुझी,
ऊना

आर्डनाश, १४ ऑगस्ट

ऊने, अगं ऊने,

तुझं पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसले. मग हेक्टर आला, त्यालाही वाचायला दिलं, आणि तो चर्चमधला जबाबदार माणूस माझ्या पायरीवर बसून नाक शिंकरत होता.

तुझा दगड बर्फाखाली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, साबणाशेजारी. खिशातून बाहेर काढलाच नव्हता मी.

मला माहीत होतं गं ती पहिली रास आहे. मला खिंडीचा विसर पडेल? आम्ही तिला टेकून बसलो होतो, केक फोडायचा होता, आणि एकदम ढग फाटले. घटकाभरच. समोर खिंड, आणि तिच्या पलीकडे खरं शिखर, वर छोटीशी रास, त्यावर ऊन. हेक्टर उठून उभा राहिला. म्हणाला, चल एफी, हे काय, आलंच. खरंच आलंच होतं. मी उठले, खिशात हात घातला, दगड हाताला लागला. आणि मला तुझं वाक्य आठवलं, तू करून आलीस की मी शांतपणे खुर्चीत बसेन.

मग माझे पाय उचलेनात. म्हटलं, हा दगड मी तिथं ठेवला की ऊना संपली. बसलीच ती खुर्चीत, मग कोणी उठवणार नाही तिला. मी हेक्टरला म्हटलं, बस खाली, केक इथंच फोडायचा. तो म्हणाला, वेड लागलंय तुला, पाऊण जन्म ज्याच्यासाठी चाललीस ते समोर आहे. मी म्हटलं, असू दे समोर. मग ढग पुन्हा मिटले आणि त्याच्याकडून मी शपथ घेतली.

‘झालं’ असं लिहिलं, कारण तुला झोप लागत नव्हती. पण खिंडीचं मुद्दाम काहीच लिहिलं नाही. वाटलं, ऊना वाचेल आणि उलट टपालानं माझी खरडपट्टी काढेल. ‘मूर्ख, खिंड कुठाय?’ म्हणेल. आणि तुझं काय आलं? शाब्बास! बरोबर जागी पोचलीस! मला वाटलं, ऊना खिंड विसरली. तिचं डोकं चाललं. म्हणून बुटाचं विचारलं, तर तू लिहिलंस आठवत नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. मी तुझ्यासाठी डोंगर राखून ठेवला, आणि तूच तो विसरलीस असं वाटून मी उन्हाळाभर रडले, आणि तू तिकडे माझ्यासाठी गुडघा कापून घेत होतीस!

मारीन तुला. आधी मिठी मारीन, मग मारीन. पेगीच्या आठवणीनं दार शोधणारी तू, आणि आत गेलीस, माझ्यासाठी. मला लिहिता येत नाही आता, कागद भिजतोय.

तुझीच,
एफी

पर्थ, १९ ऑगस्ट

खोटारडे,

म्हणजे मी घाबरत घाबरत सही केली ती तू चुकलीस म्हणून, आणि तू चुकलीच नव्हतीस! पत्र वाचून मी इतकी हसले की टाके गेले होते ते बरं झालं. मग मार्सली बाहेर गेल्यावर बराच वेळ रडले.

साबणाशेजारून दगड उचल आणि कोरड्या जागी ठेव. आपण शिखर गाठू तेव्हा ढग असले तर असू देत. गोळे मी टाकीन, माझे कान चांगले आहेत. होकायंत्र तुझ्याकडे. हेक्टर मधे चालेल, त्याला सवय आहे.

आणि ऐक, वर दगड मी नाही ठेवणार. आपण दोघी मिळून ठेवू, नाहीतर परत घरी आणू.

तुझी,
ऊना

ता. क. बुटाचा तळ खिंडीत, सगळ्यात खालच्या जागी निघाला होता. तुझ्या लाल मफलरनं बांधला होता. खाली येईपर्यंत तुझा गळा थंडीनं निळा पडला आणि तू मला शेवटपर्यंत सांगत होतीस की उकडतंय. मफलर माझ्या कपाटात आहे. तू परत मागितलाच नाहीस, आणि मलाही द्यावासा वाटला नाही. एप्रिलमध्ये घेऊन येते.